अनेक हातांचे पान आणि आप्ताचा प्रश्न

वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जे ठाऊक असते, त्यातले फारच थोडे त्याने स्वतः तपासलेले असते. मूत्रपिंडाचे काम कसे चालते, जेंटामायसिन कोणत्या जंतूंवर लागू पडते, जुलाबाने सुकलेल्या बाळाला पाणी किती आणि किती वेळाने द्यायचे, हे सारे त्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून मानलेले असते. सांगणारा कधी प्राध्यापक असतो, कधी ग्रंथ, कधी वॉर्डातली अनुभवी सिस्टर. भारतीय तत्त्वज्ञानात अशा ज्ञानसाधनाला शब्दप्रमाण म्हणतात, आणि ज्याच्या शब्दावर विसंबावे तो आप्त. ब्लॉग आणि विकी आरोग्यशिक्षणात आले तेव्हा आप्त कोणाला म्हणावे हा फार जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. ग्रंथाला लेखक असतो. विकीचे पान अनेकांनी लिहिलेले असते, त्यांतल्या बहुतेकांची खरी नावे वाचणाऱ्याला कळत नाहीत, आणि आज वाचलेले वाक्य उद्या तिथे असेलच असे नाही. अशा पानावरून जे शिकले जाते त्याला ज्ञान म्हणावे का? आणि त्याच्या भरवशावर दुसऱ्याच्या शरीराला हात लावावा का?

ही दोन साधने नेहमी एका दमात घेतली जातात, पण ज्ञानाच्या दृष्टीने त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. ब्लॉगवर एक माणूस आपल्या नावाने, तारीखवार लिहीत जातो. वाचणारे त्याखाली आपले म्हणणे मांडतात, मूळ मजकुराला मात्र हात लावत नाहीत. विकीवर मजकूरच सर्वांचा असतो. कोणीही वाक्य बदलू शकतो, आणि झालेला प्रत्येक बदल ‘इतिहास’ या सदरात कायम राहतो. ब्लॉग साक्ष देतो, विकी निष्कर्षाकडे जातो. परिचारिकेच्या शिक्षणात रात्रपाळीत काय घडले, काय सुचले, काय चुकले हे लिहून काढण्याला ब्लॉग उपयोगी पडतो; मधुमेही पायाची निगा कशी राखावी याचे सर्वमान्य टिपण एकत्र बसून तयार करायचे तर विकी.

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरने पहिला विकी 25 मार्च 1995 रोजी लोकांसाठी खुला केला. विकिपीडिया 15 जानेवारी 2001ला सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी, महाराष्ट्र दिनी. वैद्यकीय शिक्षणाच्या नियतकालिकांत 2006पासून विकी, ब्लॉग आणि पॉडकास्ट यांचा एकत्र विचार होऊ लागला. 2013मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने शेवटच्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी एक ऐच्छिक अभ्यासक्रम काढला. त्यात विद्यार्थ्याने विकिपीडियावरचा एक वैद्यकीय लेख निवडायचा, महिनाभर सुधारायचा आणि त्याचे श्रेय पदवीच्या अभ्यासात मिळवायचे. तोवर विकिपीडिया विद्यार्थी लपूनछपून वाचत आणि शिक्षक नावे ठेवत. या अभ्यासक्रमाने विद्यार्थ्याला वाचकाच्या जागेवरून उठवून जबाबदार लेखकाच्या जागी बसवले. वरच्या प्रश्नाचा तात्त्विक गाभाही इथेच आहे, कारण ज्याच्यावर विसंबायचे तो आणि विसंबणारा यांच्यातली भिंतच या प्रयोगाने पाडली.

न्यायदर्शनात या प्रश्नाची चर्चा वैद्यकाचा आधार घेऊनच झाली आहे, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. वेद प्रमाण का मानावेत, असा मुद्दा निघाला तेव्हा न्यायसूत्रकारांनी मंत्र आणि आयुर्वेद यांचा दाखला दिला. आयुर्वेदाने सांगितलेला उपचार केला की गुण येतो, तेव्हा तो सांगणारा विश्वासार्ह ठरतो. त्याच न्यायाने वेदवचनाचेही प्रामाण्य सांगणाऱ्याच्या आप्तपणावर उभे आहे. भाष्यकार वात्स्यायनाने पुढे जाऊन हे आप्तपण कशात आहे ते फोडून सांगितले. त्याच्या मते त्यात तीन गोष्टी येतात. सांगणाऱ्याला त्या विषयाचे प्रत्यक्ष ज्ञान हवे. त्याच्या मनात प्राणिमात्राविषयी दया हवी. आणि वस्तू जशी आहे तशी सांगण्याची इच्छा हवी. या तिन्ही अटी पुऱ्या करणारा ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, तो आप्तच, असेही वात्स्यायन म्हणतो. कुळाची, पदवीची, पीठाची अट तो घालत नाही.

सर्वांनी लिहिलेल्या पानाला ही कसोटी लावली तर काय दिसते? पहिली अट ज्ञानाची. विकीवर लिहिणाऱ्याकडून प्रत्यक्ष ज्ञानाची अपेक्षाच नसते. उलट स्वतःचे म्हणणे घालू नये, छापील विश्वासार्ह आधार द्यावा, असा दंडक असतो. आधार नसलेल्या वाक्यापुढे मराठी विकिपीडियावर ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागते. वैद्यकीय मजकुरासाठी इंग्रजी विकिपीडियाचा नियम याहून कडक आहे: एखाद्या सुट्या प्रयोगाचा आधार पुरत नाही, अनेक प्रयोगांचा आढावा घेणारे लेख किंवा मान्यताप्राप्त संस्थांची मार्गदर्शक तत्त्वे लागतात. म्हणजे प्रत्यक्ष ज्ञानाची जागा इथे संदर्भाने घेतली. तिसरी अट, जसे आहे तसे सांगण्याची इच्छा. माणसाच्या इच्छेची खात्री कोणतीही यंत्रणा देऊ शकत नाही, पण निःपक्ष लिहिण्याचा नियम, चर्चा पान आणि उघडा इतिहास यांमुळे खोडसाळ इच्छेला अटकाव होतो. औषध कंपनीच्या माणसाने आपल्या गोळीचे दुष्परिणाम गुपचूप पुसले, तर पुसल्याची नोंद राहते. या दोन अटींची उणीव कार्यपद्धतीने बऱ्याच अंशी भरून निघते.

उरते ती मधली अट, भूतदया. तिच्यासाठी विकीत नियम नाही, आणि करताही येणार नाही. खाद्यपदार्थांच्या पानावर तिची गरजही नाही. वैद्यकाच्या पानावर मात्र ते वाक्य वाचून कोणीतरी कोणाला तरी काहीतरी देणार आहे. मात्रेतला दशांशचिन्ह सरकलेला आकडा चुकीचा आहे एवढेच नव्हे, तो घातक आहे. आणि त्या घाताची कल्पना डोळ्यांपुढे असलेला माणूस तो आकडा तीनदा तपासतो. हे तपासणे नियमातून येत नाही, काळजीतून येते. ब्लॉग आणि विकी यांचा आरोग्यशिक्षणात काय उपयोग, याचे खरे उत्तर याच ठिकाणी सापडते. माहिती मिळवण्याचे साधन म्हणून त्यांचे मोल मध्यम आहे. परक्या वाचकाच्या जिवाची काळजी घेत लिहिण्याचा सराव म्हणून ते मोठे आहे.

चरकसंहितेची आप्ताची कल्पना याहून उंच आहे. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्त म्हणजे रज आणि तम यांतून सुटलेले, ज्यांचे ज्ञान तिन्ही काळांत निर्मळ आणि अबाधित आहे असे पुरुष. ही कसोटी आजच्या कोणत्याही प्राध्यापकाला लागू पडणार नाही, संपादक मंडळाला तर नाहीच. पण त्याच अध्यायात चरकाने परीक्षेची चार साधने सांगितली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. युक्ती म्हणजे अनेक कारणे एकत्र येऊन एक परिणाम कसा घडतो हे पाहणारी बुद्धी. इतर दर्शनांनी तिला वेगळे प्रमाण मानले नाही. वैद्याला ते मानावे लागले, कारण रुग्ण कधीच एका कारणाने आजारी नसतो. पानावर जे लिहिलेले असते ते फार तर आप्तोपदेशाच्या खात्यात जाते. उरलेली तीन साधने विद्यार्थ्याला खाटेशेजारी उभे राहूनच कमवावी लागतात, आणि ती कमवलेला माणूसच पानावरची चूक ओळखू शकतो.

चरकसंहिता हा ग्रंथ कसा घडला हेही इथे पाहायला हवे. परंपरा सांगते की पुनर्वसू आत्रेयांनी अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणी या सहा शिष्यांना शिकवले. अग्निवेशाने तंत्र रचले. चरकाने त्याचा प्रतिसंस्कार केला. आणि पुढे काही शतकांनी दृढबलाने त्यात नसलेले भाग भरून काढले. एकूण 120 अध्यायांपैकी 41 दृढबलाचे. चिकित्सास्थानातले 17, कल्पस्थानाचे आणि सिद्धिस्थानाचे प्रत्येकी 12. प्रतिसंस्कार करणारा जे फार आखूड असेल ते वाढवतो, जे फार लांबले असेल ते आवरतो आणि जुन्या तंत्राला नवे करतो, अशी या कामाची व्याख्या ग्रंथाच्या अखेरीस दिलेली आहे. म्हणजे भारतीय वैद्यकाचा हा सर्वांत मान्य ग्रंथ एका हातचा नाही, आणि कुठल्या भागावर कोणाचा हात फिरला हे त्याने लपवले नाही. ग्रंथाची प्रतिष्ठा त्यामुळे कमी झालेली दिसत नाही.

मराठी परंपरेत याच्या उलट दिशेचेही थोर उदाहरण आहे. एकनाथांनी शके 1506मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांच्या नकलांमध्ये पाठ बिघडले होते, लोकांनी आपल्या ओव्या घुसडल्या होत्या. एकनाथांनी ते सारे दूर केले आणि यापुढे कोणी आपली ओवी यात मिसळू नये असे निक्षून बजावले. प्रतिसंस्कार ग्रंथ उघडा ठेवतो, शुद्धीकरण तो बंद करते, आणि दोन्ही कामे श्रद्धेचीच आहेत. ज्ञानेश्वरी बंद करणे योग्य होते, कारण तिचे वचन ज्ञानदेवांचे म्हणूनच मोलाचे आहे. वैद्यकाचे वचन कोणाचे आहे यापेक्षा ते आजच्या रुग्णाला लागू पडते का, यावर मोलाचे ठरते. रोग बदलतात, जंतू औषधाला सरावतात, म्हणून वैद्यकाचा ग्रंथ बंद केला की तो त्याच दिवसापासून जुना होऊ लागतो. विकीचे तंत्र वैद्यकाच्या या स्वभावाशी जुळते. धर्मग्रंथाला लावायची निष्ठा वैद्यकग्रंथाला लावणे हा मात्र दोघांवरही अन्याय ठरतो.

एकत्र लिहिण्याआधी एकत्र बोलणे येते. चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे, म्हणजे एकाच विद्येतल्या माणसांनी आपसांत करायच्या चर्चेचे, शास्त्र सांगितले आहे. ज्ञान वाढते, वाणी सफाईदार होते, ऐकलेल्यातल्या शंका फिटतात आणि गुरूने एखाद्याच शिष्याला दिलेले गूढही चर्चेच्या ओघात बाहेर येते, असे तिचे लाभ दिले आहेत. ही संभाषा दोन प्रकारची. संधाय संभाषा मिळून शोध घेण्याची. समोरचा जाणकार, न रागावणारा, मत्सर नसलेला असेल तरच ती करावी. विगृह्य संभाषा जिंकण्याची. तिच्यात प्रतिस्पर्ध्याचे आणि सभेचे बळ आधी जोखावे लागते. संधाय संभाषेत हरण्याची भीती धरू नये, दुसऱ्याला निरुत्तर केले तर हर्ष मानू नये आणि चारचौघांत त्याची फुशारकी मारू नये, असा उपदेश आहे. विकीच्या कोणत्याही चर्चा पानावर या दोन्ही संभाषा एकमेकींत मिसळलेल्या सापडतात, आणि पानाचा दर्जा बहुतांशी त्यातली कोणती वरचढ ठरली यावर ठरतो. विद्यार्थ्यांकडून सामूहिक लेखन करून घेणाऱ्या शिक्षकाने तांत्रिक सूचनांच्या आधी हा अध्याय शिकवावा. बटण कोणते दाबायचे हे पंधरा मिनिटांत येते. आपले वाक्य दुसऱ्याने खोडले असता ते का खोडले हे शांतपणे विचारता येणे, हे वर्षानुवर्षांचे काम आहे.

आता प्रामाण्य कधी प्रस्थापित होते, हा प्रश्न. मीमांसक म्हणतात, ज्ञान उत्पन्न होतानाच प्रमाण असते. बाध करणारे दुसरे ज्ञान आले तरच ते टाकावे. नैयायिक म्हणतात, ज्ञान खरे आहे हे त्याच्या बाहेरून कळते. त्यावर विसंबून केलेली कृती फळाला आली म्हणजे ते प्रमाण ठरते. पहिले स्वतःप्रामाण्य, दुसरे परतःप्रामाण्य. विकिपीडिया पहिल्या वाटेने चालतो: वाक्य आधी प्रसिद्ध होते, चूक दिसली की मागाहून काढली जाते. छापील कोश आणि नियतकालिके दुसऱ्या वाटेने: आधी तज्ज्ञ तपासतात, मग छापतात. पहिल्या वाटेला वाटते तितके अपयश आलेले नाही. डिसेंबर 2005मध्ये ‘नेचर’ने विज्ञानविषयांवरचे 42 लेख विकिपीडियातून आणि ब्रिटानिकातून घेऊन तज्ज्ञांना दाखवले; विकिपीडियाच्या लेखांत 162 आणि ब्रिटानिकाच्या लेखांत 123 त्रुटी निघाल्या, गंभीर चुका दोन्हीकडे चार-चार. ब्रिटानिकाने या तुलनेवर कडक हरकत घेतली, ‘नेचर’ आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले.

2014मध्ये दोन्ही वाटा एका ठिकाणी मिळाल्या. डेंग्यूवरचा इंग्रजी विकिपीडिया लेख तज्ज्ञ परीक्षणातून जाऊन ‘ओपन मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर लवकरच ते नियतकालिक बंद पडले. विकिपीडियावरचा लेख बदलत राहिला. छापलेला पाठ ज्या क्षणी प्रमाण ठरला त्या क्षणी तो गोठला, आणि जिवंत पाठाचे प्रमाणपत्र दुसऱ्या दिवसापासून कालबाह्य होऊ लागले. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला स्वतः आणि परतः प्रामाण्याचा फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने यातून दुसरी गोष्ट घ्यायची आहे. चूक प्रसिद्ध होणे आणि तिचा बाध होणे यांच्यामध्ये वेळ जातो. दोरीला साप समजलेला माणूस दिवा आल्यावर हसतो आणि पुढे जातो. त्या वेळात चुकीची मात्रा पोटात गेलेल्या रुग्णाला ही सवलत नाही. म्हणून मीमांसकांची वाट वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकण्यासाठी खुली असावी, उपचार ठरवण्यासाठी नसावी. वर्गाचा बंदिस्त विकी, ज्यात चुका होतात आणि रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी सुधारल्या जातात, तो या भेदामुळेच समर्थनीय ठरतो.

पाठभेद कुठे चालतो आणि कुठे नाही, हे एकाच गावात पाहता येते. इंदूरहून उज्जैनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सांवेर हे तहसिलीचे गाव आहे. तिथल्या मंदिरात हनुमंताची मूर्ती उलटी, खाली डोके असलेली आहे. अहिरावणाने पळवून नेलेल्या राम-लक्ष्मणांना सोडवायला मारुती पाताळात उतरला तो इथूनच, अशी तिथली श्रद्धा. ही कथा वाल्मीकींच्या रामायणात नाही. भारतभर तिचे अनेक पाठ आहेत, आणि एका पाठाने दुसऱ्याला खोटे ठरवायची गरज कोणाला वाटत नाही. कथेत पाठभेद हे वैभव असते. त्याच गावातल्या सरकारी दवाखान्यात तापाने फणफणलेल्या मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल मोजताना पाठभेदाला जागा नाही. एकाच गावात, एकाच माणसाच्या मनात ज्ञानाचे हे दोन प्रकार शेजारी नांदतात, आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावले की दोन्ही बिघडतात. सर्वांना लिहू देणारे माध्यम या दोघांना एकाच पानावर, एकाच टंकात दाखवते. घरगुती काढ्याचा अनुभव आणि तपासलेला उपचार यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही; तो बुद्धीने करावा लागतो.

सांवेरच्या परिसरात आणखी एक पेच दिसतो, तो भाषेचा. इंदुरात वैद्यकीय शिक्षण 1878पासून आहे; आजचे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय 1948चे. होळकरांच्या काळापासून तिथे वस्ती असलेल्या मराठी घरातला विद्यार्थी घरी मराठी बोलतो, ग्रंथ इंग्रजी वाचतो, रुग्णाशी हिंदीत बोलतो आणि रुग्ण आपली दुखणी माळवीत सांगतो. मध्य प्रदेश शासनाने 16 ऑक्टोबर 2022 रोजी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची तीन पुस्तके हिंदीत प्रसिद्ध केली. पुस्तक निघाले, पण भाषेचे पुस्तक होण्याआधी तिच्यात पुष्कळ लेखन व्हावे लागते. शब्द वापरून घासले जावे लागतात. ते काम शासनाच्या समितीपेक्षा शेकडो शिकणाऱ्या हातांनी चांगले होते. मराठीपुरते बोलायचे तर सांवेरमध्ये बसलेला विद्यार्थी मराठी विकिपीडियावर तितक्याच हक्काने लिहू शकतो जितक्या हक्काने साताऱ्यातला. राज्याच्या सीमेबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला अभ्यासाच्या लेखनात असा समान हक्क याआधी क्वचितच मिळाला असेल.

मराठीत या कामाचा इतिहास मोठा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश 1920च्या दशकात 23 खंडांत निघाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत मराठी विश्वकोश उभा केला. अलीकडे विश्वकोशाने विषयवार ज्ञानमंडळे स्थापून नोंदी संकेतस्थळावर आणल्या, आणि त्यांत परिचर्येचे स्वतंत्र ज्ञानमंडळ आहे. परिचारिका शिकवणाऱ्या स्त्रियांनी परिचारिकांसाठी मराठीत लिहिलेल्या या नोंदींचे मोल फार आहे, कारण मराठीत परिचर्येवर असे साहित्य कमी आहे आणि ज्यांना ते हवे असते त्यांना इंग्रजी पुस्तक अनेकदा परके वाटते. नोंदीखाली समीक्षकाचे नाव असते. हा परतःप्रामाण्याचा मार्ग. डॉ. शाम अष्टेकर यांचे ‘भारतवैद्यक’ गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी लिहिले गेले आणि तेही पुढे संकेतस्थळावर आले. तिथे एका जाणत्याच्या नावाचा भरवसा आहे. मराठी विकिपीडियावरची आरोग्याची पाने मात्र अजून विरळ आहेत. कित्येक लेख दोन-चार ओळींवर थांबतात, आणि ‘संदर्भ हवा’ ही खूण वर्षानुवर्षे तशीच राहते. सामूहिक लेखन सुधारते ते हात पुरेसे असले तर. थोड्या हातांच्या भाषेत उघडे पान उघडेच राहते. चूक सुधारणारा येईलच, हा मीमांसकी भरवसा मराठीत इंग्रजीइतका धरता येत नाही. म्हणूनच नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांनी हे काम अभ्यासक्रमाचा भाग केले तर मराठीला त्याचा लाभ इंग्रजीहून कितीतरी जास्त होईल.

पण लिहिणाऱ्या हातांचा विचार करताना जे हात लिहीत नाहीत त्यांचे काय, हेही विचारले पाहिजे. 1970मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले तेव्हा त्यांनी निवडलेल्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. त्या दर आठवड्याला एकत्र येत, आपल्या गावात काय घडले ते सांगत, एकीची अडचण दुसरीच्या अनुभवाने सुटे. शिकवणे आणि शिकणे यांत वर-खाली नव्हते. चरकाची संधाय संभाषा तिथे निरक्षर बायकांनी चालवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. 39 गावांतल्या या प्रयोगात तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी उतरले आणि 1999मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. पुढे आशा कार्यकर्त्यांच्या देशव्यापी प्रशिक्षणात हे ज्ञान आले. या स्त्रियांना जे कळले ते विकीच्या दृष्टीने 1999पर्यंत अस्तित्वातच नव्हते, कारण त्याला छापील आधार नव्हता. वात्स्यायनाच्या तिन्ही अटी त्या पुऱ्या करत होत्या: प्रत्यक्ष ज्ञान, दया, आणि जसे आहे तसे सांगणे. संदर्भाची अट आप्तपणाची जागा घेते तेव्हा काय गळून पडते, ते इथे दिसते.

चरकाला ही गोष्ट ठाऊक होती. वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या-गुरे राखणाऱ्यांना, रानात राहणाऱ्यांना माहीत असतात, असे तो पहिल्याच अध्यायात सांगतो. लगेच पुढे हेही सांगतो की नाव आणि रूप कळले म्हणजे उपयोग कळला असे नव्हे. देश, काळ आणि समोरचा एकेक माणूस पाहून योजना करणारा तो श्रेष्ठ वैद्य. दोन्ही विधाने एकत्रच घेतली पाहिजेत. पहिले सोडले तर विद्या पोथीत अडकते, दुसरे सोडले तर प्रत्येक अनुभव उपचार बनतो. ब्लॉगसारखे माध्यम पहिल्या विधानाला जागा देऊ शकते. आशा कार्यकर्तीने स्वतःच्या बोलीत, आवाजात नोंदवलेली साक्ष तिथे राहू शकते, आणि तिचा विचार पुढे विकीच्या पानावर करता येतो.

ब्लॉगची अडचण वेगळी, आणि ती धर्माच्या अधिक जवळची आहे. विद्यार्थी आपल्या अनुभवावर लिहितो तेव्हा तो अनुभव अर्धा रुग्णाचा असतो. नाव न घालताही सांवेरसारख्या गावात कोणाच्या सुनेबद्दल, कोणत्या प्रसूतीबद्दल लिहिले आहे हे चार जणांना कळते. चरकसंहितेतल्या दीक्षाविधीत शिष्याकडून वचन घेतले जाते की रुग्णाच्या घरातल्या गोष्टी तो बाहेर नेणार नाही, आणि रुग्णाचे आयुष्य सरत आले आहे हे कळले तरी ज्याने रुग्णाला किंवा आप्तेष्टांना धक्का बसेल तिथे बोलणार नाही. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002च्या आचारनियमांतही गुप्ततेचे बंधन आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट 2023मध्ये नवे नियम काढले, त्यांत समाजमाध्यमांवरच्या वर्तनाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे होती. त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. विद्यार्थ्याच्या ब्लॉगपुरता विचार केला तर कायद्याआधीच एक रेषा आखता येते. लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनात काय झाले, कोणता तर्क चुकला, कोणता शब्द सांगायचा राहिला, ते लिहावे. रुग्णाचे जे आहे ते त्याच्या संमतीशिवाय लिहू नये. संमती देताना रुग्ण खाटेवर असतो आणि मागणारा पांढऱ्या कोटात, हेही विसरता येत नाही. म्हणून बरा होऊन घरी गेल्यावर घेतलेली संमतीच संमती मानणे अधिक न्याय्य.

शेवटी परीक्षेचा प्रश्न. आरोग्यशिक्षणात परीक्षा एकेकट्याची असते आणि ते बरोबरच आहे, कारण पुढे नाडी धरणारा हात एकाचा असतो. मग सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या पानाचे गुण कोणाला? अंतिम पान पाहून गुण दिले तर मेहनती विद्यार्थ्याच्या पाठीवर इतर बसतात, आणि चांगले वाक्य कोणाचे यावर भांडणे लागतात. इतिहासाचे सदर पाहिले तर चित्र पालटते. कोणी किती लिहिले यापेक्षा कोणी काय बदलले आणि का, हे तिथे दिसते: एकाने मात्रेचा आकडा मूळ ग्रंथाशी ताडून सुधारला, दुसरीने गरोदर स्त्रियांसाठीची सूचना राहून गेली होती ती घातली, तिसऱ्याने आपलेच वाक्य चुकीचे आहे हे चर्चा पानावर कबूल करून मागे घेतले. यांतल्या तिसऱ्या नोंदीला सर्वांत जास्त गुण देणारा परीक्षक विरळा. पण रुग्णालयात झालेली चूक वेळेत सांगणारा निवासी डॉक्टर आणि ती दडपणारा यांच्यातला फरक हाच असतो, आणि तो घडवण्याची संधी अंतिम वर्षाच्या तोंडी परीक्षेत मिळत नाही. असे मूल्यमापन शिक्षकाचा वेळ फार खाते. एका तुकडीच्या शंभर विद्यार्थ्यांचा इतिहास वाचणे हे चार प्राध्यापकांचे काम आहे. जिथे प्राध्यापकांच्या जागाच रिकाम्या असतात, तिथे पंधरा-वीस विद्यार्थ्यांच्या गटापासून, एका विषयापासून आणि मराठीतल्या एका अपुऱ्या पानापासून सुरुवात करता येते.